फोटो काढला, ठीक आहे. दिला का?

"हे काय काढलंयस रं? काळं-पांढरं?"

मंडईतल्या मावशींनी फोटो हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, परत सुलटा केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी आपला कौतुकाची वाट बघत उभा. का नसेन? आमच्या हौशी मंडळींच्या स्पर्धेत त्याच फोटोला दुसरं बक्षीस मिळालं होतं. कृष्णधवल, बाजूने येणारा सकाळचा उजेड, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी अशी. परीक्षक तर या फोटोत आयुष्याचा नकाशा आहे वगैरे बोलले होते.

"असला फोटू मेल्यावर लावत्यात भिंतीला, हार घालून. मी जित्ती हाय अजून." मग जरा थांबून, "आन् माझी भाजी कुठं हाय ह्यात?"

भाजी नव्हती. भाजी मी मुद्दाम घालवली होती. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, १.८ इतकं मोठं उघडलं की मागचं-पुढचं सगळं धूसर होतं, त्यासाठीच तर आठ हजारांची लेन्स घेतलेली. पहाटे उठून पाणी मारून रचलेल्या मेथीच्या जुड्या, कोथिंबिरीची उतरंड, एकावर एक तोलून ठेवलेली वांगी, म्हणजे त्या बाईंच्या हातचं जे काही होतं ते मी पुसून टाकलं होतं. आणि सुरकुत्या, ज्या आपोआप येतात, त्या तेवढ्या राखल्या होत्या.

त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ तो फोटो बघत बसलो. परीक्षकांचं चुकलं असं नाही. पण मावशींचंही चुकलं नव्हतं, आणि दोघांपैकी फोटो कुणाचा होता हा प्रश्न तोवर माझ्या डोक्यातच आला नव्हता.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण इथं ग्रुपवर बरेच जण मला फक्त सूर्यास्तवाले म्हणून ओळखतात. मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरीला. सव्वीस वर्षं काचेच्या आत बसून काढली. भाच्याने लग्नाच्या ऑर्डरींसाठी नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला, दोन लेन्ससकट. पहिल्या वर्षात मी तेच केलं जे सगळे करतात. कासचं पठार झालं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचं धुकं झालं. पानावरचा थेंब, थेंबात उलटं फूल, तेही झालं. एका सकाळी चारशे फोटो काढायचे आणि दुपारभर त्यातले दहा निवडायचे. घरच्यांनी माझे सूर्यास्त सोसले, त्यांचे उपकार आहेत.

मग माणसांचे फोटो काढावेसे वाटायला लागले. सुरुवात चोरून. २५० मिलिमीटरपर्यंत जाणारी ती लांबुडकी लेन्स लावायची, रस्त्याच्या पलीकडे पानटपरीच्या आडोशाला उभं राहायचं आणि अलीकडच्या माणसाला नकळत टिपायचं. याला 'कँडिड' म्हणतात आणि हे फार भारी समजलं जातं. मलाही वाटायचं. एकदा एका चांभारदादांनी मान वर करून थेट लेन्समध्ये बघितलं आणि मी कॅमेरा असा काही झटकन खाली घेतला, की शेजारच्या टपरीवाल्याने विचारलं, "काय चोरलं काय?"

त्यानंतर ती लेन्स कपाटात गेली आणि ५० मिलिमीटरची आली. हिला झूम नाही. चेहरा हवा असेल तर चार-पाच फुटांवर जाऊन उभं राहावं लागतं. आणि चार-पाच फुटांवर उभं राहून तुम्ही न बोलता कॅमेरा रोखू शकत नाही, निदान सांगलीत तरी नाही. "काय काढताय? कशाला काढताय? पेपरात येणार काय?" या तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. चौथा प्रश्न ठरलेला. "मग आमाला कवा देणार?"

या चौथ्या प्रश्नाला मी वर्षभर हसून "देतो की" म्हणत आलो. मावशींचा फोटो हा मी पहिल्यांदा खरोखर कागदावर काढून दिलेला फोटो. त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

दुसरा दिला मार्केट यार्डात. हळदीचे सौदे चालू होते. ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी एकदा बघाच. राजापुरी हळदीचे ढीग, हमालांच्या भुवयांवरसुद्धा पिवळी धूळ, पत्र्याच्या फटीतून पडणारा उजेडाचा पट्टा त्या धुळीमुळे हातात धरता येईल असा. पांढरी टोपी, पांढरी बंडी घातलेल्या एका आबांचा फोटो काढला, आठवड्याने प्रत नेऊन दिली. आबांचा चेहरा त्यात जवळजवळ काळाठिक्कर आला होता. ते म्हणाले, "आमी हावोतच काळं. तुमच्या मशिनीचा काय दोस."

दोष मशीनचाच होता हो! आणि मशीन चालवणाऱ्याचा. कॅमेऱ्याच्या आतला उजेड मोजणारा मीटर असं धरून चालतो, की समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. पांढरी टोपी, पांढरी बंडी चौकटीत भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच खाली ओढतो. टोपी करडी होते, चेहरा बुडतो. धुक्याचे फोटो मळकट येतात तेही याच कारणाने. मी इतकी वर्षं धुक्याला दोष देत होतो. उपाय सोपा आहे: मीटर चेहऱ्यावरून घ्यायचा, नाहीतर एक्स्पोजर हाताने एखादा स्टॉप वर ढकलायचं, म्हणजे उजेड दुप्पट घ्यायचा. टोपी थोडी जळते, म्हणजे नुसती पांढरीफट्ट दिसते. जळू दे.

हे पुस्तकात मी वाचलं होतं, व्हिडिओत बघितलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. पण माझ्या चुकीपायी एक माणूस स्वतःच्याच रंगाला दोष देतोय हे समोर उभं राहून ऐकलं, तेव्हा ते कळलं. पुढच्या आठवड्यात परत गेलो, परत काढला, परत दिला. आबांनी तो नीट बघितला, शेजारच्याला दाखवला, आणि मग मला म्हणाले, "तुमी काचंमागलं सायेब न्हवं?"

त्यांचं पिग्मीचं, म्हणजे रोज थोडे-थोडे पैसे भरायचं, खातं आमच्याच संस्थेत. अकरा वर्षं. पावत्यांवर त्यांचा अंगठा मी कितीदा बघितला असेल, माणूस एकदाही बघितला नव्हता. 'फोटोग्राफीने माझ्यात काय बदल झाला' असं कुणी विचारलं तर मला सांगता येण्याजोगी एवढी एकच गोष्ट आहे: मी आता काउंटरवर पावती घेण्याआधी मान वर करतो. ऐकायला फार नाही. पण सव्वीस वर्षांत ते जमलं नव्हतं.

आता जरा तक्रार करतो, राग मानू नका. आपल्या हौशी फोटोग्राफीत म्हातारी माणसं, फाटके कपडे, पोटाला चिमटा बसलेली पोरं यांचं जे पीक आलंय ते मला आता बघवत नाही. एका वर्षी एका ग्रुपबरोबर वारीला गेलो होतो. घाटात वारकऱ्यांपुढे कॅमेऱ्यांची भिंत उभी. त्यातल्या एकाने डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींना सांगितलं, "आज्जी, जरा मागं जाऊन परत या ना, ढग चांगला आलाय." आजी गेल्या आणि परत आल्या. कदाचित माउली म्हणून गेल्या असतील. मीही तो फोटो काढला, खोटं कशाला बोलू. चांगला आलाय. कुठेच टाकलेला नाही.

होमाई व्यारावाला माहीत असतील. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन त्यांनी माउंटबॅटनपासून नेहरूंपर्यंत सगळे टिपले. पती गेल्याच्या पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, त्यांनी काम थांबवलं. नव्या फोटोग्राफरांचं वागणं, शिस्त आणि मर्यादा सुटत चाललेली, हेही त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण. २०१२ पर्यंत जगल्या, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, पण त्या कामाकडे परत फिरल्या नाहीत. आम्ही त्यांच्या पायाच्या धुळीचेही नाही, पण त्या घाटात मला त्यांची आठवण झाली होती.

कागदावरच्या फोटोचं एवढं काय, मोबाईलवर पाठवा की, असं मुलगी म्हणते. तिला पूर आठवत नाही असं नाही, पण ती तेव्हा आत्याकडे पुण्यात होती. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. आमचं गावभागातलं घर तळमजल्याचं. आठवड्याने परत आलो तेव्हा फ्रिज आडवा पडलेला, गाद्या चिखलाच्या, आणि आईने पहिलं विचारलं ते अल्बमचं.

ओल्या फोटोंचं एक शास्त्र आहे, ते मला तेव्हा शेजारच्या स्टुडिओवाल्याने सांगितलं. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगून मऊ होतो. तो तसाच वाळला की समोरच्या फोटोला कायमचा चिकटतो. म्हणून वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ पाण्यात बुडवून हळूहळू सोडवायचे, वरच्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि सावलीत सुकवायचे. आम्हाला हे कळेपर्यंत काही वाळले होते. ओढून काढताना बहिणीच्या लग्नातल्या मामांचं अर्धं कपाळ वहिनीच्या डोहाळजेवणावर गेलं. ते अजून तिथंच आहे.

नळाला पाणी नव्हतं. टँकरच्या पाण्याच्या दोन बादल्या मी फोटो धुण्यात घातल्या. बायको बोलली नाही, कारण तिसऱ्या बादलीत तिच्या माहेरचे होते. दोरीवर चिमटे लावून साठ-सत्तर फोटो वाचवले. वडिलांच्या आगफा क्लिक थ्रीने काढलेले चौकोनी फोटो बहुतेक सगळे वाचले. त्या कॅमेऱ्यात एका रोलला बारा फोटो यायचे, त्यामुळे मुळात होतेच थोडे, आणि प्रत्येकात कोण कुठे उभं आहे हे आईला पाठ. माझ्या हार्ड डिस्कमध्ये आज तीस हजार आहेत. मला त्यातले पन्नासही पाठ नाहीत.

तेव्हा आता माझा नियम असा: ज्याचा फोटो त्याला प्रत. चार बाय सहाची, दहा रुपयांची. महिन्याला तीस-चाळीस होतात, तेवढे पैसे भडंगातही जातात. याचा एक न मागता झालेला परिणाम म्हणजे आता सकाळी चारशे फोटो निघत नाहीत, वीस निघतात. प्रत्येक फोटो कुणाच्या तरी हातात द्यायचा आहे आणि तो माणूस काहीतरी बोलणार आहे, हे डोक्यात असलं की बोट आपसूक थांबतं.

ग्रुपवरच्या एका मित्राचं म्हणणं, समोरच्याला आवडेल ते काढत बसलास तर तुझा पासपोर्ट फोटोवाला होईल. त्यात तथ्य आहे. विचारून काढलेल्या फोटोत लोक ताठ होतात, हात मांडीवर ठेवतात, हसायचं थांबतात. ते टाळायला मी कधी आधी काढतो आणि लगेच जाऊन दाखवतो. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट. आणि कृष्णधवल मी सोडलेलं नाही. पण जो फोटो ज्याचा आहे त्याला दाखवायची हिंमत होत नाही, तो मी भिंतीवर कसा लावू?

मावशींचा दुसरा फोटो काढला. रंगीत. अ‍ॅपर्चर ८ वर, म्हणजे मेथीच्या शेवटच्या जुडीपर्यंत सगळं लख्ख. फोटोग्राफी म्हणून विचाराल तर साधा आहे, कुठल्या स्पर्धेत पहिल्या फेरीत बाहेर. मावशींनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गल्ल्याच्या डब्याच्या झाकणात आतून चिकटवलाय. मला अर्धा किलो वांगी फुकट. आणि जाताना, "ते काळं-पांढरं परत घेऊन जा. आन् पुढल्या रैवारी ये, सून येणाराय नवी साडी नेसून."

देऊन झालेले बरेच आहेत, राहिलेले थोडे. त्यातलं एक पाकीट फेब्रुवारीपासून स्कूटरच्या डिकीत आहे. कृष्णेच्या घाटावर दोन पोरं, भाऊ असावेत, एकाच वेळी पाण्यात उडी मारतायत. धाकट्याने नाक धरलंय, थोरल्याने धाकट्याचा हात. नाव विचारायचं राहिलं. सात रविवार घाटावर गेलो. नाववाले काका म्हणाले, ऊसतोडीवाल्यांची असतील, कारखाना बंद झाला, गेली गावाकडं.

दिवाळीनंतर टोळ्या परत येतील. कुणाला घाटावर अशी जोडी दिसली तर मला सांगा, मी पाकीट घेऊन येतो.