मागच्या ओट्यावरून आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ओढायच्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये स्वयंपाकघर कुठे ठेवावं, आत, बाजूला की मागे, यावर मी गेल्या महिन्यात लेख लिहिला होता. त्यावर परवा एक प्रतिक्रिया आली. तिला तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण ते काही दोन ओळींत मावेना, म्हणून इथे वेगळं लिहितो. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो : माझा ट्रेलर मी इथेच धुळ्यात बनवून घेतला आहे, बोलेरोमागे ओढतो. आत फक्त झोपायची जागा. ओटा मागे, डिक्कीसारखं झाकण वर उचललं की त्याच्या सावलीत. अमेरिकेत १९३० च्या दशकात थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर निघाले, त्यांचीच ही रचना. खान्देशात फिरणाऱ्याने हीच घ्यावी, असं मी लिहिलं होतं आणि अजूनही माझं तेच म्हणणं आहे.

प्रतिक्रिया देणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही. ते म्हणतात : ‘मागचा ओटा म्हणजे वारा, धूळ आणि पाऊस यांना आमंत्रण. मागे एवढं वजन टाकलं तर ट्रेलर रस्त्यावर झुलणारच. सिलिंडरच्या कप्प्याला वर जाळी ठेवली असं लिहिलंय, ते चूक आहे आणि धोक्याचं आहे. एकूण लेख वाचून वाटतं की लेखकाने या ओट्यावर स्वतः कधी पोळी लाटलेली नाही. वहिनींना विचारून लिहिलं असतं तर बरं झालं असतं.’

आपण लेख शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आभार. टीकेचं मला वावडं नाही. पण टीका आणि टोमणा यात फरक असतो, आणि तो आपल्यासारख्या जाणत्या माणसाला मी सांगायला नको.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो, उगाच मला हटवादी म्हणायला नको. जाळी ‘वर’ नव्हे, ‘खाली’ असं हवं होतं. टायपिंगची चूक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, तळाशी पाण्यासारखा साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला भोकं तळालाच हवीत, ती थेट बाहेर उघडायला हवीत, आणि कप्प्यातून झोपायच्या जागेत बोटभरही फट नको. लेखात दुरुस्ती केली आहे. एका शब्दाची गोष्ट होती. त्याला लगेच ‘धोक्याचं’ वगैरे म्हणायची गरज नव्हती.

आता त्या पोळीकडे येऊ.

मी या ओट्यावर पोळी लाटलेली नाही, हे शंभर टक्के खरं आहे. मी भाकरी थापतो. लाटणं आणि थापणं यातला फरक ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी ओट्याच्या मापांवर बोलू नये, असं माझं नम्र मत आहे. भाजी चिरायला ३४ इंचांचा ओटा मला बरा पडतो. त्याच ओट्यावर परात ठेवून कळण्याची भाकरी थापून बघा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते पीठ, मळायलाच जोर लागतो. परात उंच असली की खांदे कानाला टेकतात, तळहात सपाट पडत नाही, आणि तिसऱ्या भाकरीपर्यंत कडा फाटायला लागतात. म्हणून माझ्या ओट्याखालून २७ इंचांवर एक फळी बाहेर ओढता येते. परात तिच्यावर. तवा डावीकडे, कारण भाकरी उचलून टाकताना मी उजव्या हाताने डावीकडे वळतो. डावखुऱ्याने उलटं करावं. या फळीचा फोटो लेखात होता. तुम्ही तो पाहिला नसावा, किंवा पाहूनही ती कशाची फळी ते कळलं नसावं.

आतल्या स्वयंपाकघराचं आकर्षण मलाही होतं. सुरुवातीला एका ओळखीच्यांचा तसा ट्रेलर चार दिवस उसना नेला होता, चाळीसगावकडे, पाटणादेवीच्या वाटेवर एका शेतात लावला होता. एप्रिल महिना. मधली चालायची वाट पावणेदोन फुटांची. तिथे उभं राहून भाकरी थापायची म्हणजे एक कोपर गादीला लागतं, दुसरं फ्रीजच्या दाराला. शेवभाजीसाठी काळा मसाला तेलात टाकला आणि पुढच्या मिनिटाला आम्ही तिघेही बाहेर, डोळे पुसत उभे. छतातला पंखा होता, पण तो पंखा बेताची फोडणी गृहीत धरून बसवलेला. आमच्या फोडणीचा त्याला अंदाज नव्हता. रात्री उशीला मिरचीचा वास. शिवाय दिवसभर ४३ डिग्रीत तापलेल्या पत्र्याच्या पेटीत तुम्ही वर दोन शेगड्या पेटवणार, त्याची वाफ आत, गॅस जळल्याचा धूर आत, आणि मग तिथेच झोपणार. थंड देशात तो ओटा हवाहवासा वाटत असेल. भुसावळला मे महिन्यात लावून दाखवा.

माझ्या आईला हे कुणी ट्रेलर दाखवून शिकवलं नव्हतं. अमळनेरला ती जिनिंगमधल्या कामगारांचे डबे करायची, रोजचे बावीस. पत्र्याची एक खोली. एका उन्हाळ्यात तिने चूल उचलून परसात लिंबाखाली नेली. शेजारीण म्हणाली, रस्त्यावरून दिसतं. आई म्हणाली, ‘घरमा धूर, डोयामा पानी. चूल बाहेरच बरी शे.’ मी तेव्हा नववीत. डबे सायकलवरून पोचवायचे, आणि परत आल्यावर भरताची वांगी भाजायचं काम माझ्याकडे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या काड्यांवर, सालीला भेगा पडून रस सुटेपर्यंत. जळगावच्या ज्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते हिरवं, मोठं वांगं माझ्या हातून किती भाजलं गेलं असेल याचा हिशेब मी ठेवलेला नाही. आणि मला एक अनोळखी गृहस्थ विचारतात की स्वयंपाक केलाय का.

आता वहिनी. माझ्या बायकोला वहिनी म्हणायचं की नाही हे तिच्याशी ओळख झाल्यावर ठरवा. तुमची प्रतिक्रिया मी तिला मोठ्याने वाचून दाखवली. ती हसली. कोणाला हसली ते सांगितलं नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर पीठ बहुतेक वेळा तीच मळते, भांडी मुलगा घासतो, आणि ती २७ इंचांवरची फळीही तिनेच सुचवली होती. पण सुचवलेली फळी कापून, घासून, चॅनलवर, म्हणजे खणाला असतात तसल्या सरकत्या पट्ट्यांवर, बसवली कोणी? असो. घरातल्या कामाच्या वाटण्या इथे मांडायला मी बसलेलो नाही, तुम्ही विषय काढलात म्हणून लिहावं लागलं.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो.

वारा. खान्देशात वारा असतो, हे तुम्ही मला सांगताय! साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या काय शोभेला उभ्या केल्या आहेत? ट्रेलर लावताना तोंड वाऱ्याकडे करायचं, म्हणजे ट्रेलरच ओट्याला आडोसा होतो. पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिमेकडे तोंड केलं की बहुतेक काम होतं. फक्त एक आहे : वारा ट्रेलरच्या कडांवरून वळून मागच्या पोकळीत उलटा फिरतो, आणि ज्योत माणसाच्या बाजूला न जाता ओट्यामागच्या फळ्यांकडे झुकते. त्यासाठी मी १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा तीन घड्या घालून शेगडीमागे उभा करतो. नळी आणि सिलिंडर त्या पत्र्याच्या बाहेर राहायला हवेत, नाहीतर पत्रा तापून त्यांना झळ लागते. हे लेखात नव्हतं. सगळंच एका लेखात येत नाही.

धूळ. बाजूने सरकणारा ओटा, जो तुम्हाला बहुधा आवडतो, त्याचे चॅनल कापसाच्या शेतातल्या एका फेरीत किरकिरायला लागतात. चॅनलमधल्या लोखंडी गोळ्यांत माती गेली की भरलेला खण अर्ध्यावर अडतो, ना आत ना बाहेर. मागचं झाकण बंद केलं की रबराच्या पट्टीने चारी बाजूंनी दबतं. विषय संपला.

पाऊस. आमच्या शिंदखेड्याकडच्या माणसाला पावसाची भीती घालू नका, तो येईना म्हणून आम्ही आभाळाकडे बघत बसतो. तोरणमाळला पडतो, मान्य. गेल्या श्रावणात यशवंत तलावाजवळ दोन दिवस आम्ही शेव, पाव आणि कच्चा कांदा खाऊन काढले, पण सहलीत तेवढं चालतंच.

राहिला वजनाचा मुद्दा. यावर मी फार लिहीत नाही, कारण तुम्ही जे ‘झुलणारच’ म्हणून सांगताय ते मी लहानपणी ऐकलेलं आहे. वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. बैलगाडी मागे जड झाली की ती उलाळ होते, जू वर उचलतं, हे गावातलं पोरगंही सांगेल, आणि दोन चाकांच्या ट्रॉलीचं तेच. वडील गिऱ्हाइकाला दांडी उचलून दाखवायचे : हाताला भार लागला पाहिजे, हलकी उचलली तर भरण्यात चूक आहे. ट्रेलरला हिशेब असा, की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. हे मला माहीत होतं.

माहीत असूनही पहिल्या वर्षी पाण्याची ४० लिटरची टाकी मी मागेच बसवली होती, कारण नळ मागे. पारोळ्याच्या अलीकडे, सत्तरच्या पुढे गेलो असेन, एक ट्रक शेजारून सुसाट गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आरशात एकदा डावीकडची शेती दिसे, एकदा उजवीकडची. मी ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलरेटर सोडला, आणि तो आपोआप शांत झाला. मागे बसलेला मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. घरी येऊन ओळखीच्या व्यापाऱ्याच्या पोत्यांच्या काट्यावर दांडीचं टोक टेकवलं, ट्रेलर सपाट ठेवून : ३६ किलो. पूर्ण ट्रेलर भरल्यावर ६०० चा. म्हणजे ६ टक्के. टाकी काढून चाकांच्या पुढे, गादीखाली नेली आणि नळाला लांब पाइप व छोटा पंप लावला. काटा ७० वर आला. तेव्हापासून मागे ओटा, शेगडी, भांडी आणि एक ५ किलोचा सिलिंडर एवढंच. पाणी, बॅटरी आणि धान्य पुढे. तेव्हा मागचा ओटा झुलतो हे चूक, मागचा ओटा आणि मागचीच टाकी झुलते. हा किस्सा लेखात का नव्हता, असं तुम्ही आता विचाराल. लेख स्वयंपाकघराबद्दल होता.

आरटीओच्या नोंदणीवरही तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, माझ्या ट्रेलरची आहे. त्यावर इथे चर्चा नको.

एक सांगायचं राहिलं. तुमची प्रतिक्रिया रात्री नऊच्या सुमारास वाचली, आणि जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन ट्रेलरपाशी गेलो. सिलिंडर काढून कप्प्यात डोकं घातलं. तळाला चार भोकं आहेत, चारही खालीच आहेत, म्हणजे चूक टायपिंगचीच होती हे सिद्ध झालं. त्यातली दोन मात्र तोरणमाळच्या लाल चिखलाने पार बुजलेली होती, आणि तिसऱ्यात कुंभारमाशीने घर केलेलं. स्क्रू-ड्रायव्हरने तिन्ही मोकळी केली आणि बाहेरून बारीक जाळी लावली. हे तुमच्या सांगण्यावरून केलं असं कृपया समजू नका. पावसाळा संपला की मी ते करतोच, यंदा जरा उशीर झाला होता.