दगडच तो, जाणार कुठे!

भूवारसा समितीवर, म्हणजे पृथ्वीचा इतिहास सांगणारे खडक आणि थर जपणाऱ्या समितीवर, नेमणूक झाली? अभिनंदन! वाडा पडतो, मूर्ती चोरीला जाते; दगडाला काय धाड भरलीय? तेव्हा घाई मुळीच नको.

आधी यादी करा. यादीत कमानी, सुळके आणि हत्तीसारखे दिसणारे कातळ घ्यावेत. स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटसारखी जागा चुकूनही घेऊ नये. खाली जवळजवळ उभे थर, वर जरासे कललेले तांबडे थर, संपलं. 1788 मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटन होडीतून तिथे गेला आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षांत मावणारं नाही याचा पुरावा त्याला त्या सांध्यात सापडला, हे कबूल. पण सेल्फी काही बरा येत नाही.

इटलीतल्या गुब्बिओजवळच्या घळीत तर त्याहून वाईट. चुनखडीच्या थरांमध्ये मातीचा एक पट्टा, जेमतेम बोटभर जाडीचा. 1980 साली त्यातल्या इरिडियमवरूनच (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, उल्कांमध्ये मुबलक असा धातू) डायनासोरांना संपवणाऱ्या लघुग्रहाच्या आघाताची कल्पना मांडली गेली. तुमच्या नकाशावर तो दिसणार नाही, म्हणजे तो नाहीच. शिवाय अभ्यासकांनी चिमूट-चिमूट करत तिथे खाच पाडलीच आहे. (वारसा आपल्यासारख्या जाणकारांपासूनही वाचवायचा असतो, हे बैठकीत बोलू नका, चहा कडू होतो.) पुराचुंबकत्वासाठी (खडकात टिकून राहिलेल्या प्राचीन चुंबकत्वाच्या अभ्यासासाठी) ड्रिल मारायचं तर अगदी दर्शनी, गुळगुळीत भागावर मारा. ओळीने पडलेली इंचभर रुंदीची गोल भोकं पाहून पुढच्या पिढीला कळेल, इथे संशोधन झालं होतं.

पर्यटकांना अडवू नका. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर बेसॉल्टचे सुमारे 40,000 स्तंभ आहेत. लोक हौसेने त्यांच्या फटींत नाणी ठोकतात. नाणं गंजतं, फुगतं आणि दगडाचा टवका उडवतं. लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांचं अपुरं राहिलेलं काम पुढे नेण्याची केवढी ही तळमळ!

जुनी खाण असेल तर तयार खड्डा म्हणून तिच्याकडे बघायला शिका. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत कचरा टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचे इवलेसे घोडे, केसांच्या खुणांसकट वटवाघळं, सगळं कचऱ्याखाली सुखरूप राहिलं असतं. लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ते हाणून पाडलं आणि 1995 मध्ये ती खाण जागतिक वारसा झाली. अशा चिवट माणसांना समितीपासून लांब ठेवा.

राहता राहिला रस्ता. डोंगर कापला की कधी नव्हे तो एखादा सुरेख छेद उघडा पडतो: घडी पडलेले थर, मधून तिरका गेलेला भ्रंश, म्हणजे थर तुटून सरकल्याची भेग. दरड कोसळण्याची भीती खरी असते, तेव्हा वाद घालू नका. कुठला भाग उघडा ठेवता येईल हे विचारायच्या आत सगळ्यावर जाळी मारून सिमेंट फवारून घ्या. मग त्या सिमेंटवर थरांचं छान चित्र काढून घ्या. भ्रंश जरा ठळक दाखवायला सांगा. मूळच्यात तो नीट दिसत नव्हता.