मागे ड्रम आहे म्हणून गाडी नाकारू नका

"मागे डिस्क नाही? मग काहून घेता?" आठ-दहा लाखांच्या गाडीचा विषय निघाला की नागपुरात हा प्रश्न येतोच. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारी चकती दोन पॅड दोन्हीकडून दाबतात. ड्रम ब्रेकमध्ये फिरणाऱ्या डब्याला आतून दोन शू, म्हणजे घासणारं लायनिंग लावलेल्या कमानी, दाबतात. वरचं व्हेरिएंट सनरूफसाठी हवं असेल तर जरूर घ्या. नुसत्या मागच्या डिस्कसाठी नको.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. छोट्या गाडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढच्या डिस्कच करतात. मागे जास्त जोर दिला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरेल, म्हणून तो मुद्दामच कमी ठेवतात. फोक्सवॅगनच्या आयडी.4 या इलेक्ट्रिक गाडीलाही मागे ड्रमच आहेत, आणि ती काही स्वस्तातली गाडी नाही.

डिस्क सरस ठरते ती उष्णतेत. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. पाच जण आणि सामान घेऊन चिखलदऱ्याचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरलात तर हे जाणवेल. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. वर्धा रोडच्या सिग्नलांवर ड्रम एवढा तापत नाही.

ड्रम बदनाम झाला तो गॅरेजमुळे. हँडब्रेक आठ-नऊ टिक वर यायला लागला की सरळ केबल आवळून देतात. आधी शू ॲडजस्ट करायचे, केबल सगळ्यात शेवटी. केबल जास्त ताणली की आतला लिव्हर पूर्ण मागे येत नाही, शू झिजतील तसं अंतर आपोआप भरून काढणारा ऑटो ॲडजस्टर चालेनासा होतो आणि पेडल आणखी खाली.

ड्रम उघडताना पुढच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक सोडा. ड्रम अडकला तर हातोडा मारू नका. बहुतेक ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत 8 मिमीचे बोल्ट आलटून पालटून आवळा, ड्रम सुटून हातात येतो. आतली धूळ हवेने उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने धुवायची. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर अलगद उचलून पाहा. आत ओलं दिसलं तर सिलिंडर गळतोय. लायनिंग 1 मिमीवर आलं असेल तर दोन्ही चाकांचे मिळून चारही शू बदला. स्टार ॲडजस्टरचे (शूमधलं अंतर ठरवणाऱ्या दातेरी स्क्रूचे) आटे बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला उलटे असतात. अदलाबदल झाली तर तो आवळायच्या ऐवजी सैल करत जातो. म्हणून एक बाजू पुरी जोडल्याशिवाय दुसरी उघडूच नका.

पाण्याशी मात्र ड्रमचं जमत नाही. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडल्यावर जशा गाड्या बुडाल्या, तसा गाळ ड्रममध्ये शिरला की आपोआप निघत नाही, उघडून धुवावाच लागतो. पावसाळ्यात आठवडाभर गाडी उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढू नका, शू चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.

वाचलेले पैसे टायरमध्ये घाला. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा पॅनिक ब्रेकिंगमध्ये गाडी किती लवकर थांबेल हे टायरच्या पकडीवर ठरतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते ओलावा ओढतं. नव्या डॉट 4 प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओलावा मुरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. डबा सीलबंदच घ्या, गॅरेजच्या फळीवरचा अर्धा उघडा डबा नको.