त्या विहिरीतल्या बाईचं फॉरवर्ड आता पुरे

काल फॅमिली ग्रुपवर परत आलं ते. सत्य आणि असत्य विहिरीवर अंघोळीला गेले, असत्य सत्याचे कपडे घालून पसार झालं, मग बिचारं सत्य लाजून विहिरीत जाऊन बसलं वगैरे वगैरे. खाली विहिरीतून निघणाऱ्या नागड्या बाईचं चित्र, आणि चित्रावर काकांनी नको तिथे गुलाबाची दोन फुलं चिकटवलेली.

अहो पण चित्र बघा की जरा! ती लाजतेय कुठे? एक पाय दगडी कठड्यावरून बाहेर काढलाय, तोंड आ वासलेलं, चक्क ओरडतेय आणि हातात चाबूक. तोही टांगेवाल्याचा नाही, आखूड मुठीला चामड्याच्या वाद्या लावलेला, फ्रान्समध्ये पोरांना बडवायला घरात ठेवायचे तसला. फ्रेंच चित्रकार जाँ-लेओं जेरोमचं १८९६ चं चित्र आहे हे आणि त्याचं नावच मुळी ‘माणसांना शिक्षा करायला चाबूक घेऊन विहिरीतून बाहेर येणारं सत्य’ असं मारुतीच्या शेपटासारखं आहे. म्हणजे गोष्टीतलं सत्य आत लपतं आणि चित्रातलं बाहेर पडतं, तरी दोन्ही एकमेकांना चिकटवून आपण मोकळे. त्या गोष्टीचा आणि जेरोमचा काही संबंध नाही. विहीर आली ती तत्त्वज्ञ डेमॉक्रिटसच्या नावावर सांगतात त्या जुन्या ग्रीक वचनातून, की सत्य खोल तळाशी असतं. आपल्याकडे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, इथे आडातून अख्खी बाई आली.

आणि बाईच का, तर फ्रेंचमध्ये सत्य स्त्रीलिंगी. आपलं ‘ते सत्य’, त्यामुळे फॉरवर्डमध्ये ते ‘बिचारं’ होतं.

नागडेपणाचं म्हणाल तर तेव्हाच्या पॅरिसमध्ये त्याचा नियमच होता, नाव देवीचं किंवा तत्त्वाचं द्या आणि खुशाल रंगवा. १८६३ मध्ये काबानेल नावाच्या चित्रकाराची लाटांवर लोळणारी व्हीनस देवी खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली, आणि दोन वर्षांनी एदुआर माने या चित्रकाराची ‘ऑलिंपिया’ प्रदर्शनात लागली तर केवढा गहजब, कारण ती कुठली देवी नव्हती, पॅरिसमधली धंद्यातली बाई होती आणि सरळ तुमच्याकडे बघत होती. मला विचाराल तर काबानेलची झोपाळू व्हीनस भयंकर बोअर आहे. जेरोमपण त्याच पठडीतला, मोने वगैरे नव्या पद्धतीने रंगवणाऱ्या इंप्रेशनिस्ट लोकांचा कट्टर विरोधक, पण त्याची ही बाई बघणाऱ्याला खूश करायला आलेली नाही, मारायला आलीय. काही जण हिचा संबंध ड्रेफस प्रकरणाशी, म्हणजे तेव्हा एका ज्यू फ्रेंच अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलं त्याच्याशी, जोडतात, मला ते ओढूनताणून वाटतं. त्यापेक्षा जेरोमचंच ऐका, त्याने स्वतः १९०२ मध्ये लिहिलं होतं की फोटोग्राफीमुळे सत्य अखेर विहिरीतून बाहेर आलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचा रिप्लाय आला, ‘छान माहिती’, आणि खाली परत तेच चित्र. आता चाबकावर पण एक फूल.