समुद्रासमोरचं घर आणि शेजारची बंद घरं

ज्या किनाऱ्यावर जमिनीचे भाव आभाळाला भिडलेत, तिथे घर घेणारा माणूस एक हिशेब हमखास चुकतो. तो जागा पाहतो, गच्चीतून दिसणारं पाणी पाहतो, हप्ता बसतो का ते पाहतो. पण समुद्राला लागून असलेल्या घराला सतत देखभाल लागते, आणि ती करणारी माणसं नेमकी याच भाववाढीमुळे तिथून हुसकली जातात. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय अशा जागांबद्दल बोलणं अर्धवट आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून जरा सविस्तर.

आधी मिठाचं. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के मीठ असतं. लाट फुटली की बारीक तुषार उडतात, त्यांतलं पाणी हवेत विरतं आणि मीठ वाऱ्याबरोबर आत येतं. बहुतेक मीठ पहिल्या काहीशे मीटरांत बसतं; वारा सुटला तर कित्येक किलोमीटर आत जातं. एकदा बसलं की ते स्वस्थ राहत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ ओलावा ओढून पाझरतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे लख्ख ऊन पडलेलं असतानाही लोखंडावर खाऱ्या पाण्याची अदृश्य साय असतेच.

यातून एक गोष्ट निघते, जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. पावसाने धुतला जाणारा भाग तुलनेने बरा टिकतो. सगळ्यात आधी जातं ते आडोशातलं: छपराच्या वळचणीखालचे दिवे, कठड्याच्या नळीची खालची बाजू, गॅरेजच्या दाराच्या बिजागऱ्या, बाल्कनीच्या स्लॅबचा तळ. तिथलं मीठ कधी धुतलंच जात नाही, नुसतं साचत राहतं. म्हणून अशा घरात गोड्या पाण्याची नळी आणि मऊ ब्रश घेऊन दर आठ-पंधरा दिवसांनी हे कोपरे धुणं हे घर झाडण्याइतकंच नेहमीचं काम आहे. हे काम कोण करणार, हा प्रश्न घर घेण्याआधी विचारायचा.

‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ हा समज तर पहिल्याच वर्षी मोडतो. ३०४ ग्रेडच्या कठड्यावर काही महिन्यांत तपकिरी डाग उमटतात. ३१६ ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठातल्या गंजवणाऱ्या क्लोराइडला बराच काळ थोपवतं. पण तेही गुळगुळीत पॉलिश केलेलंच घ्यावं, कारण खरखरीत फिनिशच्या चऱ्यांत मीठ अडकतं आणि डाग तिथूनच सुरू होतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचा स्क्रू थेट पिळला तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युतप्रवाह सुरू होतो आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. डोक्याखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांवर दोन धातू वेगळे ठेवणारी पेस्ट, एवढं दोन पैशांचं काम न केल्यामुळे महागड्या खिडक्या भोकांच्या कडेने फुगून पापुद्रे सोडताना दिसतात.

एसीच्या बाहेरच्या युनिटची अवस्था याहून वाईट. तांब्याच्या नळ्या, त्यांवर चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या, आणि खारी हवा दिवसभर त्यांतून ओढणारा पंखा. थोड्याच वर्षांत पात्यांचा पांढरा भुगा होतो. युनिट समुद्राकडच्या भिंतीवर न लावता घराच्या आडोशाला लावावं, कॉइलला कारखान्यातच इपॉक्सीचा थर दिलेलं घ्यावं आणि साध्या नळाच्या दाबाने धुवावं. प्रेशर वॉशर मारला की पात्या आडव्या होतात आणि हवा जाणंच बंद होतं.

पण खरी काळजी काँक्रीटची. चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२-१३ असतो. त्या अल्कलीपणामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. क्लोराइड छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत पोचलं की तो थर जागोजाग तुटतो. गंजाला मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा लागते आणि काँक्रीटला ताण फारसा सोसत नाही, म्हणून ते आतून फुटतं. उपाय म्हणजे सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई आणि बाहेरचा पृष्ठभाग यांमधली काँक्रीटची जाडी: साध्या घरातल्या २०-२५ मिलिमीटरच्या जागी किनाऱ्यावर ५० आणि तुषार थेट अंगावर येतात तिथे ७५ मिलिमीटरपर्यंत. आणि सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे छोटे ठोकळे, न घालता जाळी सेंट्रिंगच्या फळ्यांवर टेकवली, तर नकाशातलं कव्हर नकाशातच राहतं. घर घेताना स्लॅबच्या तळाला हलक्या हातोडीने ठोकत जायचं. भरीव आवाजाच्या मधेच ‘बद्द’ आवाज आला, तर तिथे काँक्रीट सळईपासून सुटलंय. वरून रंग ताजा असेल तर संशय आणखी वाढू द्यावा.

दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसे वाया जातात. सुटलेला भाग पाडायचा, सळईला ब्रश मारायचा, मॉर्टर थापायचं, रंग द्यायचा, असं बहुतेक ठिकाणी चालतं. दोन-तीन वर्षांत त्याच ठिगळाच्या कडेला नवी भेग येते. याचं कारण असं की नव्या मॉर्टरमधली सळई सुरक्षित होते, आणि लगतच्या मीठ मुरलेल्या काँक्रीटमधली सळई आधीपेक्षा जोरात गंजू लागते. नीट करायचं तर आधी स्लॅबला टेकू द्यायचा, सळईच्या मागेही २०-२५ मिलिमीटर मोकळं करायचं, गंज पूर्ण उडवायचा, सळई बारीक झाली असेल तिथे जोड सळई द्यायची आणि ठिगळाच्या कडेने जस्ताचे ॲनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बांधून मगच भरायचं. याच्या कितीतरी स्वस्त कोटेशन देणारा माणूस यांतली कुठली तरी पायरी गाळतोय, हे धरून चालावं.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडची चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे कोसळली आणि ९८ माणसं गेली. अशा दुर्घटनेला एकच कारण नसतं. सगळा दोष मिठावर टाकणं चूक ठरेल. पण २०१८ मध्येच अभियंत्याच्या अहवालात पोहण्याच्या तलावाभोवतीच्या डेकचं वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचं आणि त्याखालच्या स्लॅबचं नुकसान झाल्याचं लिहिलेलं होतं. पुढे दुरुस्तीचा खर्च मालकांनी कसा उचलायचा यावर वाद आणि बैठका लांबत गेल्या. २०२२ मध्ये फ्लोरिडाने तीन किंवा जास्त मजल्यांच्या, फ्लॅटमालकांच्या सामायिक इमारतींना ठरावीक वयानंतर तपासणी आणि दुरुस्ती निधी सक्तीचा केला. कायदा हवाच होता. पण ज्या इमारतीत निम्मे मालक वर्षातून तीन आठवडे येतात, तिथे खर्चाच्या ठरावावर हात वर करायला माणसं जमवणं हेच मोठं काम असतं.

आता माणसांकडे येऊ. हे सगळं धुणं, ठोकणं, भरणं करणारा प्लंबर, गवंडी, सुतार राहतो कुठे? जर्मनीतलं सिल्ट बेट पाहा. १९२७ पासून एका बांधावरची रेल्वे त्याला मुख्य भूमीशी जोडते. मोटारींसाठी रस्ता नाही, त्याही रेल्वेवर चढवून किंवा डेन्मार्कमधून फेरीबोटीने न्याव्या लागतात. बेटावर घर परवडत नाही म्हणून हजारो कामगार रोज सकाळी रेल्वेने येतात आणि संध्याकाळी परत जातात. गाड्या रखडल्या की बेटाचं काम रखडतं. २०१४ पासून तिथल्या रुग्णालयात प्रसूती विभाग नाही. दिवस भरत आले की बाईला आधीच मुख्य भूमीवर जाऊन राहावं लागतं. जर्मनीतल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी काही जिथे आहेत, तिथे बाळंतपणाची सोय नाही! माझ्या लेखी कुठल्याही भावफलकापेक्षा ही एक गोष्ट त्या जागेबद्दल जास्त सांगते.

वेल्समधल्या ॲबरसॉख गावात सुट्टीतल्या घरांची संख्या वाढत गेली आणि गावची प्राथमिक शाळा २०२१ च्या अखेरीस पटसंख्येअभावी बंद झाली. शाळा गेली की तरुण कुटुंबं जातात, त्यांच्यामागे बारमाही चालणारी दुकानं जातात. मग हिवाळ्यात रात्री गल्लीत दोन-तीन खिडक्या उजळलेल्या असतात आणि बाकी सगळा अंधार. वृद्ध माणूस पडला तर त्याची हाक ऐकायला शेजारी कुणी नसतं.

यावर सरकारांनी हालचाल केली आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्‌सने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांसाठी राखली; ८० टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. हेतू चांगला, पण नियम फक्त नव्या बांधकामाला होता. जुनी घरं खुली राहिली, आणि सुट्टीचं घर शोधणाऱ्याला जुनं घर चालतंच, उलट जास्त आवडतं. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांच्या कौन्सिल टॅक्सवर, म्हणजे स्थानिक घरपट्टीवर, ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो, इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून १०० टक्क्यांपर्यंत. मला हा मार्ग जास्त पटतो, कारण तो रिकाम्या घराला हात घालतो, मग ते नवं असो की जुनं. मात्र गोळा झालेला पैसा तिथेच भाड्याची घरं बांधण्यात गेला पाहिजे.

घर रिकामं ठेवण्याचा फटका मालकालाही बसतो. बंद घरात हवा खेळत नाही, बुरशी धरते, ड्रेनेजच्या वाकातलं, वास अडवणारं पाणी सुकून दुर्गंधी आत येते, एखादा जोड गळू लागला तर आठवडे कुणाला पत्ता नसतो. वर विम्याची अट वेगळीच. बऱ्याच पॉलिसींत घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की पाणीगळती आणि चोरीचं संरक्षण कमी होतं किंवा थांबतं. वादळ, पूर आणि धूप या तीन गोष्टी विमा वेगवेगळ्या मोजतो. जमीन हळूहळू धुपत गेली तर ती भरपाईत सहसा येतच नाही. विम्याची रक्कम ठरवताना बाजारभाव न धरता पुन्हा बांधण्याचा खर्च धरावा. कामगार बाहेरून आणावे लागतात तिथे तो नेहमीपेक्षा जास्त येतो.

आणि समुद्र. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ दरम्यान जागतिक समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. घाबरलेला मालक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे भिंत. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, पुळण खाली जाते, पाणी भिंतीशी जास्त खोल होतं आणि पुढची लाट आणखी मोठी येते. भिंत संपते तिथे तर शेजाऱ्याची जमीन कुरतडली जाते. मग तोही भिंत घालतो. शेवटी ज्या वाळूसाठी सगळे तिथे आले, ती भरतीच्या वेळी शिल्लकच नसते. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरचं गवत राखणं, वरून वाळू टाकत राहणं हा मार्ग बरा, पण तोही कायमचा खर्च आहे. सिल्टवर १९७२ पासून समुद्रातून वाळू उपसून किनाऱ्यावर टाकतात आणि समुद्र ती पुन्हा नेतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रोडॅन्थे इथे २०२० नंतर एकामागून एक घरं लाटांत कोसळली. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागाने दोन घरं विकत घेऊन पाडून टाकली, कारण कोसळल्यावर पसरणारा खिळे-फळ्यांचा कचरा उचलण्यापेक्षा ते शहाणपणाचं होतं.

विहीर किंवा बोअर असेल तर एक प्रमाण लक्षात ठेवा: समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर तिच्याखाली साधारण ४० मीटर गोडं पाणी तोललेलं असतं. उपशाने वरचं १ मीटर गेलं, तर खालून खारं पाणी तेवढ्याच पटीने वर सरकू पाहतं, आणि एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला वर्षं जातात. शेजारच्या प्रत्येक बंगल्यात तलाव आणि हिरवळ असेल तर तुमच्या एकट्याच्या काटकसरीने काही होत नाही. सेप्टिक टँक भूजल वर असताना पूर्ण उपसू नये. रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते आणि पाइपांचे जोड तुटतात.

पाहायला जायचं ते मोसम संपल्यावर, अमावस्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, वारा समुद्राकडून असताना. रात्री गल्लीतून चालत जाऊन किती घरांत दिवा आहे ते मोजावं. शेजाऱ्याच्या फाटकाच्या बिजागऱ्या पाहाव्यात, त्या विक्रेत्यापेक्षा खरं बोलतात. काँक्रीटमधून वेगवेगळ्या खोलीवर भुकटी काढून क्लोराइडची चाचणी करून घ्यावी. जुनी हवाई छायाचित्रं मिळवून किनाऱ्याची रेषा कुठे होती ते ताडून पाहावं. समोरचा प्लॉट मोकळा असेल तर तिथे किती मजले चढू शकतात ते नियोजन कार्यालयात विचारावं. इंग्लिश कायद्यात तर दृश्यावर कुणाचाही हक्क नसतो. आणि जवळच्या प्लंबरला फोन करून, गळती झाली तर किती दिवसांत याल, एवढंच विचारावं.

वर्षातून चार-सहा आठवडेच जाणार असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नका, तेवढे दिवस भाड्याने राहा. आधीच घेतलं असेल तर उरलेले महिने पर्यटकांना देण्याऐवजी घर वर्षभरासाठी तिथल्याच नर्सला, शिक्षकाला, सुताराला द्या. भाडं कमी येईल, पण खिडक्या रोज उघडतील, गळती त्याच दिवशी कळेल आणि रिकाम्या घराची विम्याची अट आड येणार नाही. करारात बाहेरची धातूची कामं पंधरा दिवसांतून एकदा धुण्याचं काम लिहून घ्या आणि त्याबदल्यात भाड्यातून ठरलेली रक्कम वजा करा.