‘वय झालं’ म्हणण्याआधी: डोक्याच्या जुन्या माराबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज चार वेळा आला. वर ‘मोठ्या न्यूरोसर्जनचा सल्ला’ असं लिहिलंय, नाव मात्र कुणाचंच नाही. मजकूर थोडक्यात असा: डोक्याला मार लागल्यावर माणूस बेशुद्ध पडला नाही आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला, तर मेंदूला काहीही झालेलं नसतं. मेंदू सहा महिन्यांत आपोआप पहिल्यासारखा होतो. म्हातारपणी विसरायला होतं ते वयामुळे. जुन्या माराशी त्याचा संबंध जोडणाऱ्यांना स्कॅनचा धंदा करायचा असतो. माराने मेंदू झिजतो तो बॉक्सरांचा, घरात पडणाऱ्यांचा नाही. चाळीस दिवस ब्रेन टॉनिक घ्या आणि निर्धास्त राहा.

खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. त्यात माझ्या दोन मावश्या होत्या, आणि दोघीही रक्त पातळ करणारी गोळी घेतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत जीवशास्त्र शिकवते. पण या विषयात मला वाचावं लागलं, विचारावं लागलं, त्याचं कारण आई.

‘विसरायला होतं ते वयामुळे’ हे वाक्य आधी घेते, कारण त्याच समजुतीपायी आम्ही आईला गमावून बसलो असतो.

आई तेव्हा ७४ वर्षांची होती. पितृपक्षात माळ्यावरचा पितळी डबा काढून स्टुलावरून उतरताना कपाटाच्या उघड्या दारावर तिचं डोकं आपटलं. टेंगूळ आलं, बर्फ लावला, संध्याकाळच्या पोळ्या तिनंच केल्या. हृदयासाठी ती रक्त पातळ करणारी गोळी घेत होती, ते त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच आठवलं नाही. दिवाळी जवळ आली तशी ती मंद झाली. बसल्या बसल्या डोळे मिटायचे. फोनवर मामीला दोनदा आत्या म्हणाली. आम्ही तिला दाखवायला घेऊन गेलो, तर डॉक्टरांनी केसपेपरवरचं वय बघितलं, ‘या वयात चालायचंच’ म्हणाले आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. पडल्याचं त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

वसुबारसेला तिनं उंबऱ्याशी ठिपक्यांची रांगोळी काढली. चाळीस वर्षं तिची एक ओळ वाकडी गेलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी उजवी बाजू नेहमीसारखी देखणी होती आणि डावीकडचे ठिपके तसेच उघडे राहिले होते. ‘झाली की पूर्ण,’ म्हणाली. दोन दिवसांनी साउथ तुकोगंजच्या नाथ मंदिरातून निघालो, तर फाटकापाशी येईपर्यंत तिची डावी चप्पल पायातून निसटून मागे राहिली होती. एक पाय अनवाणी आहे हे तिला कळलंच नव्हतं. भावानं तिथूनच गाडी रुग्णालयाकडे वळवली.

स्कॅनमध्ये उजव्या बाजूला, कवटी आणि मेंदूच्या मध्ये, चंद्रकोरीसारखा रक्ताचा साठा दिसला. त्यानं मेंदू एका अंगाला ढकलला होता. कवटीला दोन छिद्रं पाडून ते काळपट पातळ रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला विचारलं, ‘दूध तापवलंस का?’

याला क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा म्हणतात. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, कवटी आणि मेंदूतली जागा वाढते, आणि ती जागा ओलांडून जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. मग साध्या धक्क्यानंही एखादी फाटते आणि रक्त अगदी हळूहळू झिरपतं. त्रास दिसायला साधारण तीन आठवडे किंवा त्याहूनही जास्त लागतात, तोपर्यंत तो धक्का घरात कुणाच्या लक्षातही नसतो. चाल अडखळणं, एका बाजूची शक्ती कमी होणं, गुंगी, डोकेदुखी, गोंधळ, लघवीवरचा ताबा सुटणं ही त्याची चिन्हं. वाचताना ती डिमेन्शियासारखीच, म्हणजे स्मृतिभ्रंशासारखीच वाटतात. फरक वेगाचा आहे. वयानं येणारा विसराळूपणा दोन-चार आठवड्यांत असा उतरत नाही. रक्त काढल्यावर अनेक जण पुष्कळसे पूर्वपदावर येतात, काहींना ते पुन्हा साचतं म्हणून लक्ष ठेवावं लागतं. बरा होणारा आजार ‘वय’ म्हणून घरात ठेवायला सांगणारा सल्ला मोठ्या न्यूरोसर्जनचा असूच शकत नाही.

हा झाला म्हातारपणी बसलेला मार. तरुणपणी बसलेल्या माराचं काय? ‘काही संबंध नाही’ असं मेसेज ठासून सांगतो. संबंध आहे, आणि तो लाखो माणसांच्या नोंदींतून दिसलेला आहे. डेन्मार्कमध्ये रुग्णालयातल्या प्रत्येक उपचाराची नोंद राहते. तिथल्या साधारण २८ लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूला इजा झालेल्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका इतरांपेक्षा २४ टक्के जास्त आढळला. इजा गंभीर असेल तर ३५ टक्के, सौम्य असेल तरी १७ टक्के. जितक्या जास्त वेळा मार, तितका धोका वाढता. विशीत इजा झालेल्यांना तीस वर्षांनी, म्हणजे पन्नाशीत, धोका ६३ टक्के जास्त होता. त्याच वर्षी स्वीडनमधल्या तेहेतीस लाख लोकांच्या अभ्यासातही हेच दिसलं: इजेनंतरच्या पहिल्या वर्षात धोका सगळ्यात जास्त, पुढे तो उतरत जातो, पण तीस वर्षांनंतरही पुरता मिटत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियावरच्या आयोगानं २०२० मध्ये डोक्याची इजा टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत घातली. २०२४ च्या यादीत अशी १४ कारणं आहेत.

हे आकडे वाचून कुणी घाबरून जाऊ नये, कारण त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. समजा शंभर माणसांपैकी दहांना एरवी डिमेन्शिया होणार असेल, तर २४ टक्के वाढ म्हणजे दहाचे बारा-साडेबारा. पन्नाशीत तर मुळात हा आजार फार थोड्यांना होतो, त्यामुळे ६३ टक्के वाढूनही तो थोड्यांनाच होतो. लहानपणी झाडावरून पडलेल्या बहुतेकांचं म्हातारपण ठणठणीत जातं. माझे काका १९८३ साली भंवरकुआँपाशी स्कूटरवरून पडले होते, चार दिवस रुग्णालयात होते. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना स्मृतिभ्रंश झाला. तो त्या पडण्यामुळे झाला असं मी म्हणत नाही. त्यांना मधुमेह होता, ऐकायला कमी येत होतं, आणि एका माणसाच्या बाबतीत अशी गाठ कुणालाच सोडवता येत नाही. म्हणूनच ‘संबंध नाहीच’ हेही कुणी छातीठोकपणे सांगू नये.

‘बेशुद्ध पडला नाहीत, सीटी नॉर्मल, म्हणजे काही झालं नाही.’ वर्गात हे समजावताना मी दह्याचं उदाहरण देते. मेंदू घट्ट लागलेल्या दह्यासारखा मऊ असतो. भांड्याला जोरात हिसका बसला तर भांडं फुटत नाही, पण आतलं दही तडकतं. मेंदूतले लांब धाग्यांसारखे तंतू, ज्यांना ॲक्सॉन म्हणतात, ते हिसक्यानं ताणले जातात आणि काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. हे बारीक धागे दिसत नाहीत. आज शस्त्रक्रिया लागणार की नाही, हे सांगायला सीटी उत्तम आहे, आणि तेवढंच त्याचं काम. बेशुद्धीचं म्हणाल, तर कन्कशन, म्हणजे हिसक्यानं मेंदूचं काम काही काळ बिघडणं, झालेले बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या, २०१८ मध्येच आलेल्या अभ्यासात, शुद्ध न हरपलेल्या सौम्य इजेनंतरही डिमेन्शियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. सैनिकांचं आयुष्य वेगळं असतं, त्यामुळे तो आकडा आपल्या घराला जसाच्या तसा लावू नये. पण ‘शुद्धीवर होता म्हणजे सुटला’ हा नियम त्यातून पुरता मोडतो.

सहा महिन्यांत मेंदू पहिल्यासारखा होतो, हे पुष्कळांच्या बाबतीत खरं आहे, सगळ्यांच्या नाही. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या मोठ्या अभ्यासात सौम्य इजा होऊन रुग्णालयात आलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना वर्षभरानंतरही रोजच्या कामांत काही ना काही अडचण होती. आत काय चालतं तेही थोडंफार समजलंय. तुटलेल्या तंतूंपाशी अमायलॉइड तयार करणारं प्रथिन साचतं, टाऊ नावाचं प्रथिन विस्कटतं, आणि मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी मध्यम किंवा गंभीर इजेनंतर काही जणांत सतरा वर्षांनीही शांत झालेल्या नसतात. म्हातारपणी प्रत्येकाच्या मेंदूची थोडीफार झीज होतेच. जुन्या इजेनं गंगाजळी आधीच खर्ची पडली असेल, तर तीच झीज लवकर जाणवते.

बॉक्सरांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांमधली ही झीज पहिल्यांदा नोंदवली. २००२ मध्ये बेनेट ओमालू यांना तशीच झीज माइक वेबस्टर या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत सापडली. सीटीई नावाचा हा आजार वर्षानुवर्षं डोक्यावर धक्के खाणाऱ्यांचा आहे आणि त्याचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतरच होतं. घरात एकदा पडल्यानं तो होईल असं कुणी म्हणत नाही. पण सीटीई होणार नाही म्हणजे काहीच होणार नाही, ही मेसेजमधली उडी चुकीची. शिवाय धक्के फक्त बॉक्सरांना बसतात असंही नाही. इंदुरात अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या झांक्यांपुढे, म्हणजे देखाव्यांपुढे, लाठ्या-पट्टे फिरवणारी आपल्या आखाड्यांतली पोरं आठवा. कुस्ती, कबड्डी आठवा. तो वारसा चालायलाच हवा, मात्र डोक्याला लागल्यावर पोराला त्याच दिवशी पुन्हा उतरवू नये, एवढं वस्तादांनी पाळावं.

टॉनिकवर फार लिहीत नाही. अशा काही गोळ्यांत असणाऱ्या सिटिकोलिन या औषधाची मेंदूच्या इजेवर मोठी चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला. १,२१३ रुग्णांना नव्वद दिवस औषध किंवा साखरेची गोळी दिली. फायदा शून्य.

स्कॅनच्या धंद्याबद्दलची शंका मला पटते. पंचवीस वर्षांपूर्वी पडला होतात म्हणून आज तब्येत उत्तम असताना एमआरआय करायची गरज नाही, आणि ‘तुम्हाला पुढे डिमेन्शिया होणार का’ याचं खात्रीचं उत्तर देणारी कुठलीही तपासणी नाही. तशी कुणी विकत असेल तर घेऊ नका. आपल्या हातात ज्या गोष्टी आहेत त्या स्वस्त आहेत: रक्तदाब, साखर, कानाचं यंत्र, रोजचं चालणं, न्हाणीघरात धरायला दांडा. आणि दुसरा मार टाळणं.

दुसरा मार म्हटलं की आधी दुचाकी आठवते. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात हेल्मेटशिवाय पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला. पंपावर मागच्याचं हेल्मेट दोन मिनिटं मागून घेणारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, त्यात माझा माजी विद्यार्थीही होता. हेल्मेटमुळे अपघातात डोक्याला इजा व्हायचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये निघालेलं आहे. साडी सावरत मागे एका बाजूला बसणाऱ्या आपणा बायकांचं डोकंही तितकंच मऊ आहे.

मावशांना मी फोन करून एवढंच सांगितलं: रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागलं, तर टेंगूळ लहान असो की मोठं, त्याच दिवशी दाखवायचं आणि गोळीचं नाव आधी सांगायचं. गोळी मनानं बंद करायची नाही. पुढचे दोन-तीन महिने चाल, बोलणं, झोप यांवर घरातल्या कुणीतरी नजर ठेवायची.

आईच्या फाइलीत पहिल्या पानावर आता औषधांच्या आधी तीन ओळी आहेत. १९६१, आजोळी विहिरीच्या काठावर घसरून, कपाळाला टाके. १९९४, रिक्षा उलटली, अर्धा तास काही आठवत नव्हतं. आणि तो पितृपक्षातला दिवस. पहिल्या दोन आम्हाला माहीतच नव्हत्या. विचारल्यावर तिनं सांगितल्या.