उघडी पाकिटे

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात लहानपण काढलेल्यांच्या आठवणी निघाल्या की बोलणे लगेच छडी आणि शिस्तीवर येते. मला स्वतःला शिस्तीचा फारसा जाच झाला नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी होणारी अँजेलस या प्रार्थनेची घंटा, तिचे तीन-तीन ठोके तीनदा आणि मग सलग घणघण, हे महिन्याभरात अंगवळणी पडले. रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या वेळी गुडघे दुखत. पण माळेत मरियेची प्रार्थना ५३ वेळा येते हे एकदा मोजून ठेवल्यावर अजून किती उरले याचा हिशेब करता येई. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या जागतिक सभेनंतर, मिस्सा ही चर्चमधली मुख्य उपासना लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली होती, तरी आमच्या सर्वांत वृद्ध सिस्टर ओठांतल्या ओठांत लॅटिनच पुटपुटत. मी ख्रिस्ती नव्हते, त्यातले अक्षरही मला कळत नसे, पण त्यांच्या शेजारची जागा मिळावी म्हणून मी धडपडत असे.

माझी तक्रार आहे ती पत्रांबद्दल. रविवारी मिस्सेनंतर घरी पत्र लिहायचे आणि पाकीट न चिकटवता टेबलावर ठेवायचे, असा आमच्याकडे नियम होता. एकदा मी आईला लिहिले, ‘रात्री झोप येत नाही, मला न्यायला ये.’ सिस्टरांनी बोलावले. त्या रागावल्या नाहीत. उलट मला शेजारी बसवून घेतले, त्या ओळीवर पेन्सिलीने हलकी रेघ ओढली आणि ‘आईला उगाच घोर लागेल’ असे म्हणत कोरा कागद पुढे केला. मी पत्र पुन्हा उतरवले आणि त्या ओळीच्या जागी ‘इथली हवा छान आहे’ असे लिहिले.

छडी मिळाली असती तर मी निदान मनातून चिडले असते. त्या मायेपुढे मात्र चिडायलाही जागा नव्हती, आणि खरे लिहिणे म्हणजे आईला त्रास देणे, हे माझ्या डोक्यात पक्के बसले. ज्या धर्मात कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांच्या कबुलीत, ऐकलेले कोणापुढेही न उघडण्याचे बंधन धर्मगुरूवर असते, त्याच धर्माच्या छताखाली आठ वर्षांच्या मुलीच्या पत्राला तेवढाही आडोसा मिळू नये, हे मला आजही खटकते.

आईने ती सगळी पत्रे जपून ठेवली होती. परवा ती ओळीने वाचली. चार वर्षांत मी एकदाही आजारी पडलेली नाही, रडलेली नाही, आणि हवा बाराही महिने छान आहे.